नेपाळ, दोन मोठे शेजारी आणि परक्याचा पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी वाचनालयात बसते. एमपीएससीची तयारी करणारी मुलंमुली येतात, मार्केट यार्डातून दोघं-तिघं येतात, एक निवृत्त तलाठी काका तर कधी चुकत नाहीत. मधे काही महिने आम्ही नेपाळवरच बोलत होतो. भारत, चीन आणि अमेरिका या तिघांकडून पैसा घेताना हा देश काय काय तोलून बघतो, असा विषय होता. तेच तेच प्रश्न फिरून येत राहिले म्हणून उत्तरं लिहून काढली. जिथे दोन ओळी पुरल्या तिथे दोनच लिहिल्यात.

नेपाळनं कुणाकडून पैसे घेतले, याच्याशी लातूर-बीडच्या माणसाचं काय देणंघेणं?

सोयाबीनपासून सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर मूळ शुल्क २० टक्के झालं, शुद्ध केलेल्या तेलावर ३२.५ टक्के. बाहेरचं तेल महाग व्हावं आणि इथल्या सोयाबीनला भाव मिळावा, हा हेतू. पण नेपाळातून येणाऱ्या तेलाला दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे हे शुल्क लागत नाही. नेपाळात सोयाबीन पिकतं ते नावापुरतं. तिथल्या कारखान्यांनी अर्जेंटिना, ब्राझील, युक्रेनचं कच्चं तेल आणलं, शुद्ध केलं आणि भारतात धाडलं. २०२४-२५ मध्ये सोयाबीन तेल ही नेपाळची सगळ्यांत मोठी निर्यात झाली. त्याच हंगामात आपल्या यार्डात सोयाबीन ४,८९२ रुपये हमीभावाच्या खाली जात होतं.

"मॅडम, नेपाळनं आमचा भाव पाडला," असं म्हणत यार्डातल्या मंडळींनी मला पहिल्याच रविवारी घेरलं. त्यांचा राग मला समजतो, पण हिशेब तसा नाही. भारत वर्षाला साधारण १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा, मग अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयाबीन तेल. नेपाळचं तेल त्यापुढे थोडं. आणि नेपाळच्या बाजूनं पाहिलं तर? समुद्र नाही, मोठे उद्योग नाहीत. शेजाऱ्याच्या शुल्कात सापडलेली फट, तेवढंच दुकान. मे २०२५ च्या अखेरीस दिल्लीनं कच्च्या तेलावरचं शुल्क १० टक्क्यांवर आणलं, तशी ती फट अरुंद झाली. दुसऱ्या देशाच्या एका अधिसूचनेवर आपली पहिल्या क्रमांकाची निर्यात अवलंबून असावी, ही अवस्था कळली की पुढचे सगळे प्रश्न सोपे होतात.

नेपाळला सारखं कुणाकडे तरी मागावं का लागतं?

आमच्या गल्लीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा सुदूर पश्चिम नेपाळातल्या अछामचा आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघर पैसे गोळा करतो आणि त्यातले निम्म्याहून जास्त गावी पाठवतो. त्याचा थोरला मुलगा आखातात, धाकटा भाऊ काठमांडूत. नेपाळच्या सकल उत्पन्नाच्या जवळपास चौथा हिस्सा एवढा पैसा असा बाहेर राबणारी माणसं घरी पाठवतात. देश त्यावर तगतो, पण त्या पैशातून धरण, बोगदा, उच्चदाबाची वीजवाहिनी होत नाही. तो पैसा घरखर्च, दवाखाना आणि शाळेच्या फीमध्ये जातो. मोठ्या कामाला सरकारकडे भांडवल लागतं. लोकसंख्या तीन कोटींच्या आत, कर देणारे थोडे, भूगोल असा की वीस किलोमीटरच्या रस्त्याला इथल्या दोनशे किलोमीटरचा खर्च.

नेपाळनं स्वतःचं चलनही भारताच्या रुपयाला बांधून ठेवलंय. १९९३ पासून भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. त्यामुळे भावांत स्थिरता राहते, पण दिल्लीत घेतलेला निर्णय अछामच्या पेटीपर्यंत पोचतो. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत आमच्या गुरख्याच्या घरी साठवलेल्या पाचशेच्या काही नोटा अडकल्या. नेपाळात अडकलेल्या अशा जुन्या नोटा बदलून मिळाल्याच नाहीत. त्यानं त्या अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्यात. एकदा मला आणून दाखवल्या आणि विचारलं, "मॅडम, अब भी कुछ होगा क्या?" मला नाही म्हणावं लागलं.

मदत, कर्ज, व्यापार हे शेवटी एकच ना? पैसा तर बाहेरूनच येतो.

हा फरक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. अनुदान परत करायचं नसतं. जागतिक बँक गरीब देशांना जे सवलतीचं कर्ज देते ते सोसायटीच्या पीककर्जासारखं: व्याज नाममात्र, मुदत तीस-चाळीस वर्षांची, सुरुवातीची काही वर्षं हप्ता नाही. आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकून उभा केलेला पैसा म्हणजे सावकारी. व्याज चढं, मुदत तोकडी, आणि अडचण आली तर जाऊन विनवणी करायला समोर एक माणूससुद्धा नसतो, हजारो रोखेधारक असतात.

ओळखायला सगळ्यांत कठीण ती आडत्याची उचल. पेरणीला आडत्यानं पैसे दिले, व्याजही फारसं लावलं नाही, पण माल त्याच्याच दुकानी घालायचा. मग भाव, कडता, हमाली या कशावरच बोलता येत नाही. देशांच्या व्यवहारात याला बांधील कर्ज म्हणतात. चीनच्या एक्झिम (म्हणजे सरकारी निर्यात-आयात) बँकेचं सवलतीचं कर्ज घेतलं की ठेकेदार चिनी आणि निदान निम्मी खरेदी चीनमधून. भारताच्या एक्झिम बँकेतर्फे शेजाऱ्यांना जो पतपुरवठा होतो त्यातही साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. दुसऱ्याकडे बोट दाखवताना ही अट आपण विसरतो. अशा कर्जाचं व्याज स्वस्त दिसतं. काम किती महाग पडलं ते मात्र दुसरी निविदाच नसल्यामुळे कधी कळत नाही.

फुकट मदत मिळत असेल तर घ्यायला काय हरकत?

या प्रश्नावर काकांनी मिलोची आठवण काढली. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली ती लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी. तेव्हा ते शाळकरी होते. त्या भाकरीची चव त्यांना आवडली नव्हती, पण तिच्यावर घर तगलं हेही ते सांगतात. त्याआधी १९६५-६६ मध्ये अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतला गहू भारतात जहाजाजहाजानं येत होता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो मुद्दाम थोडा थोडा सोडला. भारतानं शेतीधोरण बदलावं आणि व्हिएतनाम युद्धावर टीका करू नये, असं त्यांना हवं होतं. धान्य खरं होतं, भूकही खरी होती, आणि दोरी दुसऱ्याच्या हातात होती.

दुसरं उदाहरण आपल्या उंबऱ्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. त्यानंतरच्या पुनर्वसनाला जागतिक बँकेनं मोठं कर्ज दिलं. परदेशी सरकारं आणि संस्थाही आल्या. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं पक्की मिळाली, त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. पण आराखडा शहरी होता: सरळ रेषेत घरं, रुंद रस्ते, बैल बांधायला जागा नाही, कडब्याची गंजी कुठे लावायची ते ठरलेलं नाही, शेत लांब. मी विद्यार्थ्यांना घेऊन एका नव्या गावात गेले तेव्हा एक आजी घराच्या पुढ्यात पत्रा टाकून चुलीवर भाकरी करत होत्या. आतला ओटा उभ्यानं स्वयंपाक करायचा होता, त्यांना तो कधी वापरावासा वाटला नाही. कागदावर ते घर शंभर टक्के पूर्ण होतं.

अनुदानाचाही आराखडा कुणीतरी आखतो. तो आखताना घेणारा टेबलाशी होता का, एवढं विचारावं.

चीनचं कर्ज म्हणजे सापळा, हे खरं का?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि उदाहरण नेहमी श्रीलंकेच्या हंबनटोटाचं. म्हणून ते नीट पाहू.

हंबनटोटा बंदरासाठी श्रीलंकेनं २००७ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेकडून पहिलं कर्ज घेतलं, सुमारे ३०.७ कोटी डॉलर, ६.३ टक्के व्याजानं. हे व्याज सवलतीचं नव्हतं. बंदर २०१० मध्ये सुरू झालं, जहाजं फार आली नाहीत. २०१७ मध्ये १.१२ अब्ज डॉलर घेऊन ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं एका चिनी कंपनीला दिलं. कर्ज फिटलं नाही म्हणून चीननं बंदर जप्त केलं, असं आपल्याकडे सांगतात. तसं झालं नव्हतं. भाडेपट्ट्याच्या पैशातून बंदराचं कर्ज माफ झालं नाही, ते वहीत तसंच राहिलं. आलेले डॉलर गंगाजळीत गेले, कारण श्रीलंकेला दुसरीच देणी भागवायची होती.

ती देणी कुणाची? पाश्चात्त्य बाजारात विकलेल्या रोख्यांची. २००७ पासून श्रीलंका असे रोखे काढत गेली आणि परदेशी कर्जाचा एक तृतीयांशाहून मोठा भाग त्यांचा झाला. जुने फेडायला नवे काढायचे. आपल्याकडे मार्चअखेर बँकेत कर्जाचं नवं-जुनं करतात ना, अगदी तसंच. नवं-जुनं होत राहतं तोवर थकबाकी दिसत नाही. मग २०१९ चे बॉम्बस्फोट, त्याच वर्षी केलेली मोठी करकपात, कोरोनानं बसलेलं पर्यटन. २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली आणि भाताचं पीक कोसळलं. हे ऐकताना यार्डातली मंडळी गप्प झाली होती. खताशिवाय हंगाम काढणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे. नवे रोखे घ्यायला कुणी उरलं नाही आणि १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेनं परदेशी कर्जफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी भारतानं सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत वेगवेगळ्या रूपांत केली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं जवळपास ३ अब्ज डॉलरचं कर्ज मार्च २०२३ मध्ये मंजूर झालं.

तेव्हा माझं मत असं: चीननं महाग कर्ज दिलं, पडताळणी न करता दिलं, अटी झाकून ठेवल्या, हे तिन्ही दोष खरे. पण श्रीलंकेला खड्ड्यात घातलं ते तिच्याच सरकारांनी, सगळ्यांकडून मिळेल तितकं घेऊन.

नेपाळात असं काही झालंय का?

पोखरा विमानतळ. फेवा तलावाचं, अन्नपूर्णेच्या कुशीतलं हे गाव. तिथे आंतरराष्ट्रीय विमानतळ असावा ही लोकांची फार जुनी इच्छा. चीनच्या एक्झिम बँकेकडून सुमारे २१.६ कोटी डॉलरचं कर्ज, चिनी सरकारी कंपनीकडे बांधकाम, १ जानेवारी २०२३ ला उद्घाटन. त्याच सुमारास काठमांडूच्या चिनी दूतावासानं हा 'बेल्ट अँड रोड'चा, म्हणजे देशोदेशी रस्ते-बंदरं बांधायच्या चीनच्या योजनेचा, प्रकल्प असल्याचं जाहीर केलं. नेपाळनं तसं म्हटलेलं नव्हतं. त्या एका वाक्यानं भारताला आणखी सावध केलं. भारतीय विमान कंपन्या तिथे उतरत नाहीत, आणि पर्यटक तर मोठ्या संख्येनं भारतातूनच यायचे. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं बोटांवर मोजण्याइतकी. एप्रिल २०२५ मध्ये नेपाळच्या संसदेच्या उपसमितीनं सुमारे १४ अब्ज नेपाळी रुपयांच्या अनियमिततेवर बोट ठेवलं.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. घोड्याला दाणावैरण लागते, तसा रिकाम्या विमानतळालाही रोजचा खर्च लागतो आणि हप्ता वेगळा.

पण एवढ्यावर थांबलो तर चुकीचा धडा घेऊ. लुंबिनीजवळ भैरहवाला मे २०२२ मध्ये दुसरा आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडला. त्याचं कर्ज आशियाई विकास बँकेचं, निविदा, नियम, देखरेख सगळं रीतसर. तिथेही आंतरराष्ट्रीय विमानं फारशी येत नाहीत. कारण दोन्हीकडे सारखं: पश्चिमेकडून आत यायचा हवाई मार्ग भारताच्या आकाशातून जातो आणि त्याची परवानगी पक्की होण्याआधीच धावपट्टी बांधून झाली होती. विहीर खोदून झाल्यावर वीजजोडणीचा अर्ज करायचा, असला हा प्रकार.

अमेरिका तर अनुदान देत होती. त्याला लोकांनी विरोध का केला?

सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशनशी (नेपाळी लोक नुसतं एमसीसी म्हणतात) करार झाला. ५० कोटी डॉलर अनुदान, १३ कोटी नेपाळनं घालायचे. त्यातून ४०० केव्हीची वीजवाहिनी आणि महामार्गाची दुरुस्ती. परत एक पैसा द्यायचा नाही. तरी संसदेत मंजुरीला साडेचार वर्षं गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये संसदेबाहेर अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या.

अडलं होतं एका कलमावर. करार आणि नेपाळचा कायदा यांच्यात विसंगती आली तर करार वरचढ, असं त्यात होतं. लोकांना त्यात सार्वभौमत्वाला धक्का दिसला. अमेरिकी सैन्य येणार, अशा अफवाही बेफाम पसरल्या, आणि त्या अफवाच होत्या. शेवटी २७ फेब्रुवारी २०२२ ला मंजुरी दिली, पण बारा मुद्द्यांचं स्पष्टीकरण जोडून: हा करार कुठल्याही लष्करी आघाडीचा भाग नाही, नेपाळचं संविधान सर्वांत वर. काहींना ते स्पष्टीकरण पोकळ वाटतं. मला नाही वाटत. मदत देणाऱ्याच्या मसुद्याखाली आपला अर्थ लिहून मग सही करणं, हे छोट्या देशाला जमलं. आपल्याकडे बँकेच्या छापील अर्जावर कोऱ्या जागी किती जण सह्या करून येतात ते तुम्हीच आठवा.

आणि अमेरिकेनं मदत मधेच थांबवली तर?

थांबवलीच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं जगभरातली मदत ९० दिवसांसाठी गोठवली. १ जुलै २०२५ पासून यूएसएड ही संस्थाच बंद झाली. नेपाळात आरोग्य, पोषण, शिक्षणाची कामं तिच्यावर चालत होती. एमसीसीचं कामही मधे अडलं, नंतर सुरू झालं. दात्याच्या देशातल्या निवडणुकीत आपल्याला मत नसतं.

भारत तर नेपाळचा मित्र. आपण कुठे अटी घालतो?

घालतो. हे उत्तर वाचनालयात सगळ्यांना रुचलं नाही, तरी लिहिते.

२० सप्टेंबर २०१५ ला नेपाळनं नवं संविधान लागू केलं. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यातल्या, मधेशी लोकांना त्यात आपला वाटा डावलल्यासारखं वाटलं आणि त्यांनी सीमेवर ठिय्या दिला. रक्सौल-वीरगंज नाक्यावर ट्रक थांबले. भारतानं म्हटलं, आम्ही अडवलेलं नाही, पलीकडे आंदोलन आहे. नेपाळी जनतेनं त्याला भारताची नाकेबंदी म्हटलं, कारण आंदोलन नव्हतं त्या नाक्यांवरूनही माल अडखळत होता. एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली होती, हजारो कुटुंबं पत्र्याखाली होती, आणि हिवाळ्यात गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत. आमच्या गुरख्याचा भाऊ काठमांडूत अर्ध्या भरलेल्या सिलिंडरसाठी पहाटेपासून रांगेत असायचा. तेव्हा सिलिंडर अर्धेच भरून देत होते. फेब्रुवारी २०१६ पर्यंत हे चाललं.

लातूरकरांना यातली नस लगेच सापडते. त्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. एकाच उद्भवावर अख्खं शहर ठेवलं की काय होतं, ते आपण घागरी घेऊन पाहिलंय. नेपाळनं ते इंधनाच्या बाबतीत पाहिलं. मार्च २०१६ मध्ये पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चीनमार्गे मालवाहतुकीचा करार करून आले.

त्यानंतर भारताचं वागणं सुधारलंही. मोतीहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी भारतानं बांधली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली. नेपाळात इंधन स्वस्त पडलं, टँकरची वाट बघणं संपलं. शेजाऱ्याला दुसरं दार सापडल्यावर पहिल्या दाराचं तेलपाणी होतं, असा याचा अर्थ मी घेते.

मग नेपाळ सगळा व्यापार चीनमार्गे का करत नाही?

अंतर. वीरगंजहून कोलकाता बंदर सुमारे ७०० किलोमीटर, सपाट रस्ता. चीननं देऊ केलेल्या बंदरांत त्यांच्याच यादीतलं तियानजिन तीन हजार किलोमीटरच्या पलीकडे, मधे अख्खा हिमालय आणि तिबेटचं पठार. तिबेटच्या सीमेवरच्या केरुङपासून काठमांडूपर्यंतच्या रेल्वेचा आराखडा झाला, पण जवळजवळ सगळा मार्ग बोगद्यांतून आणि पुलांवरून जातो. करार कागदावर असला तरी सौद्यात उपयोगी पडतो. मात्र सिलिंडर त्या वाटेनं येत नाही.

विजेचं काय? नेपाळात पाणी भरपूर आहे म्हणतात.

मला सगळ्यांत आशा वाटते ती इथे. एकेकाळी काठमांडूत दिवसाला सोळा-सोळा तास भारनियमन होतं. आपल्यापेक्षाही वाईट. आता पावसाळ्यात नेपाळची वीज उरते. नोव्हेंबर २०२१ पासून ती भारताच्या वीजबाजारात विकली जाते. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत वीज घ्यायचा करार भारतानं केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात गेली. आकडा किरकोळ आहे, पण पहिल्यांदाच नेपाळला भारताखेरीज दुसरं गिऱ्हाईक मिळालं.

अट मात्र इथेही आहे. ज्या प्रकल्पात चिनी गुंतवणूक किंवा चिनी ठेकेदार, त्याची वीज भारत घेत नाही. ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प नेपाळनं स्वतःच्या पैशातून उभारला. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, तिथली टेलिकॉम कंपनी, विमा संस्था यांनी पैसा घातला, शेअर सामान्य लोकांनी घेतले. स्थापत्य काम चिनी कंपनीला दिलं होतं, तेवढ्यावरून त्याच्या विजेला नकार मिळाला. निविदा उघडताना सगळ्यांत स्वस्त ठेकेदार निवडावा की दहा वर्षांनी वीज कोण घेईल ते बघून निवडावा, असा पेच आता तिथल्या प्रत्येक प्रकल्पापुढे आहे.

सरकारं सारखी बदलतात. मग करार कोण पाळणार?

फार योग्य प्रश्न, एका मुलीनं विचारला. २००८ मध्ये राजेशाही गेल्यापासून एकाही पंतप्रधानानं पाच वर्षं पूर्ण केलेली नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनानंतर ओली सरकार गेलं आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी सूत्रं हाती घेतली.

याची किंमत बूढीगंडकीच्या खोऱ्यात बघा. १,२०० मेगावॉटचं हे धरण २०१७ मध्ये निविदेशिवाय एका चिनी कंपनीला दिलं. त्याच वर्षी पुढच्या सरकारनं ते काढून घेतलं. २०१८ मध्ये त्यानंतरच्या सरकारनं पुन्हा त्याच कंपनीला दिलं. २०२२ मध्ये पुन्हा रद्द. धरणाची भिंत उभी नाही, पण गोरखा आणि धादिंग जिल्ह्यांतली जमीन बुडीतात धरली गेली. घर बांधावं तर बुडणार, न बांधावं तर राहायचं कुठे. जायकवाडी, विष्णुपुरी, माजलगाव या धरणांखाली गाव गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

छोट्या देशाला दोन्हीकडून घेता येतं का? दोन्ही डगरींवर हात ठेवला की माणूस पडतो.

येतं. नेपाळचे संस्थापक पृथ्वीनारायण शाह यांनी आपल्या राज्याला दोन दगडांमधला तरूळ, म्हणजे कंद, म्हटलं होतं. कंद चिरडतो हे खरं, पण दोन दगडांच्या मधल्या मातीतच तो वाढतोही. काठमांडूला तराईशी जोडणारा पहिला मोटाररस्ता भारतानं बांधून दिला. तिबेटच्या सीमेकडे जाणारा अरनिको राजमार्ग चीननं १९६० च्या दशकात. पूर्व-पश्चिम महामार्गाचे टप्पे तर राजा महेंद्र यांनी वाटूनच दिले: काही भारताला, काही सोव्हिएत संघाला, काही ब्रिटनला. आज त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला कुणाचा टप्पा कुठे संपला ते कळतही नाही.

आपणही हेच केलं. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं, राऊरकेला जर्मन, दुर्गापूर ब्रिटिश. बोकारोसाठी अमेरिकेशी बोलणी फिसकटली तेव्हा सोव्हिएत संघ तयार होता.

माझं आवडतं उदाहरण मात्र १९५२ चं. सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, तांदळाची टंचाई होती आणि रबराचे भाव पडले होते. अमेरिकेचा विरोध पत्करून सिलोननं कम्युनिस्ट चीनशी पाच वर्षांचा करार केला: वर्षाला ५०,००० टन रबर द्यायचं, २,७०,००० टन तांदूळ घ्यायचा. रबराला बाजारभावापेक्षा जास्त दर मिळाला. अमेरिकेनं मदत नाकारली. सरकार डावं नव्हतं, उलट कम्युनिस्टविरोधी होतं. पण लोकांच्या ताटात भात हवा होता आणि तो विकणारा एकच समोर होता.

आमच्या यार्डात दोन खरेदीदार असले की बोली पन्नास रुपयांनी तरी वर जाते. मात्र दुसरा खरेदीदार खरा लागतो. उगाच कुणाचं नाव पुढे केलं तर पहिला ओळखतो.

भूतान काय करतो?

भूताननं एकच शेजारी धरला. चीनशी त्याचे राजनैतिक संबंधच नाहीत. चुखा वीजप्रकल्पाला भारतानं ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिलं. मांगदेछूपर्यंत येता येता ते ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज झालं. मैत्री तीच राहिली, अटी बदलल्या.

मालदीवनं तर 'इंडिया आउट' म्हटलं होतं ना?

ती मोहीम चालवून मोहम्मद मुइझ्झू २०२३ मध्ये निवडून आले. मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिक परतले. गंगाजळी आटल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच मुइझ्झूंनी दिल्लीत येऊन ४० कोटी डॉलरची चलन अदलाबदल (आपलं चलन देऊन तात्पुरते डॉलर घ्यायची सोय) पदरात पाडून घेतली. यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. भारतानंही मागचं उगाळलं नाही, ते बरं केलं.

सही करण्याआधी छोट्या देशानं नक्की काय बघावं?

व्याजाचा आकडा सगळे बघतात. मी मुलांना आधी चलन बघायला सांगते, कारण डॉलर चढला की हप्ता आपोआप चढतो आणि कमाई तर रुपयात असते. मग वाद झाला तर न्याय कुठल्या देशात मागायचा ते बघायचं. करार गुप्त ठेवण्याची अट आहे का ते बघायचं. असली तर तिथेच थांबायचं, कारण फेडणार लोक आणि वाचणार चार मंत्री, हे चालणार नाही. शेवटी, बांधलेली वस्तू चालवायला जो तिसरा लागतो, त्याची संमती आहे का. पोखऱ्याला ती नव्हती. एमसीसीत मात्र होती: न्यू बुटवल ते गोरखपूर वाहिनीला भारताची सहमती ही आधीची अट होती.

यासाठी नेपाळच्या अर्थ मंत्रालयात मसुदा ओळीनं ओळ वाचणारी माणसं हवीत आणि मंत्री बदलला तरी ती तिथेच राहायला हवीत. विमानतळापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे, पण त्याचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून तो मागे पडतो. मला याचा मनापासून त्रास होतो.

नेपाळचं बहुतेक कर्ज चीनचंच आहे का?

नाही. परदेशी कर्जाचा मोठा भाग जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेचा आहे. चीनचा वाटा लहान. परीक्षेत हा पर्याय हटकून चुकतो.

यापुढे काय बदलणार?

२४ नोव्हेंबर २०२६ रोजी नेपाळ संयुक्त राष्ट्रांच्या अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडेल, असं ठरलेलं आहे. ही बढती आहे आणि तिची किंमतही आहे. त्या यादीत असल्यामुळे युरोपसारख्या बाजारांत नेपाळी मालाला जी शुल्कमाफी मिळते, ती काही काळानं संपेल. सवलतीचं कर्जही हळूहळू कमी होईल.

गुरख्याची भावजय काठमांडूत गालिचे विणते. युरोपला जाणारे, हातमागावरचे, लोकरीचे. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला: अर्धा झालेला गालिचा, वर टांगलेली निळी-तांबडी लोकर, खाली चार बायका मांडी घालून ओळीत बसलेल्या. मी त्याला शुल्काचं सांगितलं. त्यानं भावाला फोन लावून विचारलं, तिकडे कुणी काही बोललं का. भाऊ म्हणाला, मालकानं अजून तरी काही सांगितलेलं नाही, पुढच्या गालिच्याची लोकर मात्र आली आहे.